नऊ दिवसांचा युरोप, चार माणसं आणि पावणेदहा लाख

प्रश्न असा आहे: पुण्यातलं चौकोनी कुटुंब, मोठी मुलगी १० वर्षांची, धाकटा ४ वर्षांचा. मे महिन्यात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली अशी ९ दिवस-८ रात्रींची ग्रुप टूर घ्यायची आहे. माहितीपत्रकातला आकडा चौघांचे मिळून ८ लाख. हाताशी ५ लाख आहेत, उरलेले ३ लाख हप्त्यांवर. एवढा खर्च करणं योग्य आहे का?

आधी थेट उत्तर. या मे महिन्यात, या वयाच्या मुलांना घेऊन, या पद्धतीच्या टूरवर आणि कर्ज काढून जाऊ नका. याचा अर्थ महागडी सहल कधीच करू नये असा नाही. चार वर्षांनी हेच कुटुंब हेच पैसे लावून युरोपला गेलं तर रुपयान् रुपया सत्कारणी लागेल. फरक कुठे पडतो ते सांगतो.

सुरुवात आकड्यापासून करू, कारण ८ लाख हा खरा आकडा नाही. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि माहितीपत्रकातला दर बहुधा त्याशिवायचा असतो. म्हणजे ४० हजार तिथेच वाढले. शेंगेन व्हिसाचं (एकाच व्हिसावर हे तिन्ही देश होतात) शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि ६ वर्षांखालच्यांना माफ. तुमच्या घरासाठी २२५ युरो झाले, शिवाय सेवाकेंद्राचं शुल्क, फोटो, कागदपत्रं. साधारण ३० हजार धरा. ते दरात धरलंय का, हे लेखी विचारा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो, त्याचे ८-१० हजार. थर्मल, जाड जॅकेट, चालण्याचे बूट, दोन मोठ्या बॅगा हे घरात नसेल तर ४० हजार सहज जातात. पुणे-मुंबई विमानतळ गाडी, टिपा, पॅकेजमध्ये नसलेली दुपारची जेवणं, आइस्क्रीम, पाणी, नातेवाइकांसाठी चॉकलेटं यांचे ५०-६० हजार. एकूण पावणेदहा लाखांच्या घरात जातं.

याशिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीनं तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरलेला आयकर, कापला जातो. त्याचा दर अलीकडच्या अर्थसंकल्पांत पुन्हा पुन्हा बदलला आहे, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्या. हा मात्र खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो. अट एकच, पैसे भरताना ज्याचा पॅन दिला त्याच्याच नावावर तो दिसतो. ज्याला कर भरावा लागतो त्याचाच पॅन द्या आणि नंतर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्याच्या नावे नोंद आली का ते तपासा. टीसीएसची रक्कम बजेटमध्ये धरलेली नसते आणि ऐन वेळी ती उभी करताना लोकांची धावपळ होते.

आता कर्जाकडे पाहा. तुम्ही ३ लाख म्हणता, पण खर्च पावणेदहा लाख आणि हातात ५ लाख असतील तर कर्ज पावणेपाच लाखांचं होतं. १४ टक्के व्याजानं २४ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २२,८०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ७२ हजार. एवढ्या व्याजात चौघांची कोकणात पाच रात्रींची नीटस सहल होते. म्हणजे तुम्ही एका सहलीचे पैसे देऊन दुसरी सहल गमावता. शिवाय पुढची दोन्ही वर्षं सुट्टी लागली की हप्ता समोर उभा. सहलीसाठी कर्ज नको, हा एक नियम मी कोणत्याही कुटुंबासाठी शिथिल करणार नाही. आणि ते ५ लाखही 'हाताशी' म्हणजे नेमके कुठले? घरखर्चाचे सहा महिने भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवून उरलेले असतील तरच ते सहलीचे.

पैसे वसूल होतात की नाही हे मोजायची एक साधी रीत आहे: मोकळे तास मोजा. मोकळा तास म्हणजे सगळे जागे आहेत, कुणी बसमध्ये किंवा रांगेत अडकलेलं नाही, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत कुठे हजर व्हायचं नाही. कुटुंब म्हणून जे काही घडतं ते याच वेळात घडतं. मुलगी तळ्यात दगड टाकत बसते, धाकटा बदकांच्या मागे धावतो, आई-वडील बाकावर बसून शांतपणे बोलतात.

या ९ दिवसांच्या टूरचा हिशेब असा. पहिला आणि शेवटचा दिवस विमानात. उरले ७ दिवस, दिवसाला जागे असण्याचे १४ तास, म्हणजे ९८ तास. तीन देश आठ रात्रींत बसवायचे तर बसमध्ये रोज सरासरी ४ तास जातात. नुसतं पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न हे अंतर ६०० किलोमीटरच्या वर आहे आणि तो अख्खा दिवस खातं. म्हणजे २८ तास गेले. सामान बांधणं, लॉबीत जमणं, माणसं मोजणं, जेवणाच्या रांगा, स्वच्छतागृहाचे थांबे यांचे रोजचे ४ तास धरले तरी आणखी २८. उरले चाळीसेक तास. पावणेदहा लाखांना ४० तास, म्हणजे तासाला साधारण २४ हजार रुपये.

त्यातलेही सगळे तास मोकळे नसतात, आणि त्यात टूर मॅनेजरचा दोष नाही. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारण ९ तासांपलीकडे चालवता येत नाही आणि रात्रीची सलग ११ तासांची विश्रांती हा नेहमीचा नियम आहे. यंत्रात सगळी नोंद होते. म्हणून सकाळी साडेसहाला उठवतात, म्हणून 'वीस मिनिटांत बसमध्ये या' असं सांगतात. ४० माणसांपैकी एक कुटुंब दहा मिनिटं उशिरा आलं की पुढच्या ठिकाणाची दहा मिनिटं गेली. चार वर्षांचं मूल या वेळापत्रकात बसत नाही. त्याला दुपारी झोप लागते, शू लागते, भूक वेळेवर लागत नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला तर बस थांबत नाही. एक पालक हॉटेलवर राहतो आणि दुसरा एका मुलाला घेऊन पुढे जातो. कौटुंबिक सहल तिथे संपते.

उंचीचाही विचार करा. युंगफ्राउयोख हे स्वित्झर्लंडमधलं बर्फाळ ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे आणि खालून दोन-अडीच तासांत माणूस तिथे पोचतो. मोठ्यांचंही डोकं दुखतं, लहान मूल चिडचिडं होतं, झोपी जातं. त्या दिवसाचं तिकीट सहलीतल्या सर्वांत महागड्या तिकिटांपैकी एक असतं आणि धाकटा तो दिवस कडेवर झोपून काढण्याची शक्यता फार मोठी.

मोठं झाल्यावर माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काही आठवत नाही आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांचंही तुटक आठवतं. म्हणून लहान मुलांना फिरवूच नये असं मुळीच नाही. त्यांना आत्ता मिळणारा आनंद खरा असतो. पण तो आनंद वाळू, पाणी, बादली, मांजर आणि आई-बाबांचा पूर्ण वेळ यांतून येतो, आणि या गोष्टी कोकणात मालवणजवळच्या देवबागलाही मिळतात. 'मुलांना आठवण राहील' म्हणून ९ लाख खर्चायचे असतील तर ७ ते १४ हे वय सर्वांत चांगलं. १४ च्या पुढच्या मुलाला ठरवण्यात वाटा द्यावा लागतो. प्रत्येक दिवसातली एक गोष्ट त्याच्या मर्जीची ठेवली नाही तर तो सगळा वेळ फोनमध्ये राहील.

सहलीच्या आनंदावर झालेलं थोडं संशोधन इथे उपयोगी पडतं. नेदरलँड्समध्ये १,५३० जणांचा एक अभ्यास झाला, त्यातले ९७४ जण सुट्टीवर गेले होते. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते ते जाण्याआधी. परतल्यावर फरक उरला नाही, अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा. दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवली: एखादा अनुभव मनात राहतो तो त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांवरून, त्याच्या लांबीवरून फारसा नाही. यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात. तयारी मुलांसोबत तीन-चार महिने आधी सुरू करा, नकाशा भिंतीवर लावा. त्या आनंदाला पैसे पडत नाहीत. निवांतपणासाठी जागा ठेवा, कारण परतल्यावर टिकणारं तेवढंच. आणि शेवटचा दिवस चांगला ठेवा. बहुतेक टूरचा शेवटचा दिवस खरेदी, बॅगेचं वजन आणि विमानतळावरचे पाच तास यांत जातो. शेवटची रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलऐवजी मुलांना आवडलेल्या ठिकाणी काढा.

ग्रुप टूर कुणासाठी योग्य? सोबत आजी-आजोबा असतील, इंग्रजीत बोलायची सवय नसेल, रोज रात्री वरण-भात हवाच असेल, किंवा ठरवाठरवीची दगदग नको असेल, तर त्या सेवेची किंमत रास्त आहे. टूर मॅनेजर हरवलेला पासपोर्ट, दुखावलेला गुडघा आणि जैन जेवण एकाच संध्याकाळी सांभाळतो. मात्र पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका पेन घेऊन वाचा. 'प्रवेशासह' आणि 'बाहेरून दर्शन' वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. हॉटेलपुढे 'किंवा तत्सम' लिहिलेलं असेल तर शहराच्या मध्यापासून किती किलोमीटर हे विचारा. शहराबाहेरचं हॉटेल असेल तर संध्याकाळी पाय मोकळे करायला काहीच नसतं. आणि चौघांना एक खोली मिळणार की दोन? युरोपातल्या कितीतरी हॉटेलांत चौघांना एका खोलीत राहू देत नाहीत. मग एकेक पालक एकेका मुलासोबत आठ रात्री वेगळ्या खोल्यांत काढतो. हे बुकिंगच्या वेळी कुणी आपणहून सांगत नाही.

आता तेच पैसे नीट लावायचे तर युरोप कसा करावा. देश कमी, मुक्काम मोठे. आठ रात्रींत दोनच ठिकाणं: चार रात्री पॅरिस, चार रात्री ल्युसर्न किंवा इंटरलाकेन. विमान जाताना मुंबई-पॅरिस आणि येताना झुरिक-मुंबई असं घ्या, म्हणजे परत मागे यावं लागत नाही. पॅरिस ते झुरिक थेट वेगवान रेल्वेनं सुमारे ४ तास लागतात. या गाडीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. राहायला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. चौघे एका छताखाली राहतात, कपडे धुता येतात आणि रोजचं एक जेवण घरी होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाहेरचं जेवण फार महाग आहे, त्यामुळे हीच एक गोष्ट सर्वांत जास्त पैसे वाचवते. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची सोडून; किराणा शनिवारीच भरा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या घरून न्या.

घरून काय न्यायचं याचाही नियम आहे. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तयार उपम्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी चालते. ताजी फळं-भाज्या नकोत. पहिल्या रात्री सगळे दमलेले असताना वीस मिनिटांत होणारी मऊ खिचडी मुलांचं पोट आणि मूड दोन्ही सांभाळते, म्हणून एक छोटा कुकर बॅगेत असू द्या.

मुलं सोबत असली की स्वित्झर्लंड वाटतं त्यापेक्षा स्वस्त पडतं. पालकांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर फॅमिली कार्डावर ६ वर्षांपासून १६ वर्षं पूर्ण होईपर्यंतची मुलं त्यांच्यासोबत रेल्वे, बस आणि तळ्यातल्या बोटीत फुकट फिरतात; ६ च्या खालच्यांना तसंही तिकीट नाही. रिगी हा १,८०० मीटरच्या आसपासचा डोंगर पासमध्येच येतो, उंचीचा त्रास नाही, बोट आणि डोंगरावरची रेल्वे दोन्ही होतात. बर्फच हवा असेल तर टिटलिससारख्या एखाद्याच उंच ठिकाणी एक दिवस घालवा. दोन बर्फाळ शिखरं एका सहलीत करू नका. मुलांना दुसऱ्यात काही नवं वाटत नाही. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय १८ वर्षांखालील सगळ्यांना फुकट आहे आणि मंगळवारी बंद असतं. मुलांसोबत तिथे दीड-दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका.

असा बेत आखला तर विमान, राहणं, पास, जेवण, व्हिसा, कपडे धरून खर्च आठ-सव्वाआठ लाख येतो. मोकळे तास मात्र ६०-६५ निघतात, म्हणजे तासाला साडेबारा-तेरा हजार. जवळपास निम्म्या दरात तोच खंड. कष्ट तुमचे असतात: साधारण ३०-४० तासांची आधीची आखणी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपर्यंत करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस, काही वेळा ४५ दिवसही लागतात. मे महिन्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत राहण्याचं बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच ठेवा. चौघांपैकी एकाचा व्हिसा नाकारला तरी सगळी सहल कोसळते आणि व्हिसाचं शुल्क परत मिळत नाही.

आता कोकणाची बाजू, त्याच फूटपट्टीनं. पुण्याहून मालवण-तारकर्ली स्वतःच्या गाडीनं कोल्हापूरकडून घाट उतरून आठेक तास. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून ९०० किलोमीटर, पेट्रोल-टोलचे आठेक हजार. चौघांना पुरेल अशी एसी खोली असलेल्या होमस्टेचे पाच रात्रींचे १७ ते २० हजार, मासे-भाकरी-सोलकढीच्या घरगुती जेवणाचे १५ हजार, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, स्नॉर्केलिंग, डॉल्फिन फेरी, किरकोळ खर्च मिळून १० हजार. पन्नास-पंचावन्न हजारांत होतं. मधले चार पूर्ण दिवस, रोज दहा-अकरा मोकळे तास. म्हणजे त्या टूरइतकेच चाळीसेक तास, तासाला तेराशे-चौदाशे रुपयांत.

देवबाग म्हणजे ल्युसर्न नाही हे मान्य. परक्या देशात पहिल्यांदा पाऊल ठेवताना मुलीच्या डोळ्यांत जे दिसेल ते कोकणात दिसणार नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात काही गैर नाही. फक्त ते विकत घेताना ती ते बघायला जागी आणि निवांत असली पाहिजे.

कोकणात चुका होतात त्या वेळेच्या. मे महिन्याच्या उत्तरार्धात उकाडा असह्य होतो, समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यापूर्वी होड्या व जलक्रीडा बंद होतात. मे महिन्यातच जायचं तर पहिल्या पंधरवड्यात जा. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीत खोल्या आधी भरतात, तेव्हा दोन महिने आधी ठरवा. रेल्वेनं जायचं तर आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. आणि जुन्या करप्रणालीत असाल, पगारात एलटीए (सुट्टीतल्या प्रवासाचा भत्ता) असेल, तर देशातल्या प्रवासभाड्यावर सूट मिळते, चार वर्षांच्या गटात दोनदा. सध्याचा गट २०२६ ते २०२९. हॉटेल-जेवण त्यात येत नाही आणि परदेश प्रवास तर अजिबातच नाही.

तर तुमच्यापुरता बेत असा. यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देवबाग किंवा तारकर्ली, पाच रात्री, एकाच घरी. त्या ५ लाखांतले आणीबाणीचे पैसे वेगळे काढा आणि उरलेल्यात दरमहा १२ हजार टाकत राहा. चार वर्षांत नुसत्या या हप्त्यांचं मुद्दलच पावणेसहा लाख होईल. हा हप्ता आज परवडत नसेल तर २२,८०० चा कर्जाचा हप्ता परवडला नसताच. तेव्हा मुलगी १४ ची असेल, धाकटा ८ चा. दोघंही स्विस फॅमिली कार्डात बसतील, दोघंही दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालतील. व्हिसाला मुलीचे पूर्ण ९० आणि धाकट्याचे ४५ युरो पडतील, व्हिसाचा एवढाच जादा भुर्दंड. धाकट्याचा पासपोर्ट मात्र आता काढू नका. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षांचीच असते. निघण्याच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास काढलात तर व्हिसाच्या अर्जापर्यंत तो हातात असेल.